तीन आठवडे वाडगेच धुते आहे

"ताई, गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. हाताशी वेळ आहे आणि मुक्या जनावरांची माया लहानपणापासूनची, म्हणून जवळच्या प्राणी-निवाऱ्यात आठवड्यातून दोन दिवस जाऊ लागले. तीन आठवडे झाले, पण वाडगे धुणे, फरशी पुसणे आणि टॉवेलांच्या घड्या घालणे याखेरीज मला काहीही देत नाहीत. कोपऱ्यातल्या पिंजऱ्यात एक काळा कुत्रा कायम भिंतीकडे तोंड करून बसलेला असतो. त्याच्याजवळ बसू का, असे विचारले तर 'अजून नाही' म्हणाले. सोमवारी जिन्याखाली मांजराची तीन पिल्ले सापडली, डोळे नुकते उघडलेली. ती लगेच निवाऱ्यात नेली, तर 'होती तिथेच ठेवा आणि लांबून पाहा' असे सांगून मला परत पाठवले. मला ते पटले नाही आणि पिल्ले सध्या माझ्याच घरी आहेत. घरात आधीच एक कुत्रा आणि दोन मांजरे आहेत. यजमान म्हणतात, आता पुरे. या लोकांना खरोखर मदत हवी आहे का? की निवाऱ्याचा नाद सोडून मी घरीच जमतील तितके जीव सांभाळावेत?"

सप्रेम नमस्कार.

पिल्लांचे प्रकरण थांबण्यासारखे नव्हते, म्हणून त्याविषयी तुम्हाला आधीच कळवले होते. तोच मजकूर इथे पुन्हा देते आहे, कारण अशी पिल्ले ओच्यात घालून निवाऱ्यात धावणारे पुष्कळ जण असतात आणि परत पाठवल्याचा राग त्या सगळ्यांनाच येतो.

मांजरी पिल्लांना टाकून गेली असे आपल्याला वाटते, तेव्हा ती बहुधा पोटासाठी बाहेर पडलेली असते, किंवा जागा बदलण्यासाठी एकेक पिल्लू मानगुटीला धरून नेत असते आणि आपण नेमके तिच्या दोन फेऱ्यांच्या मध्ये तिथे पोहोचतो. आपण जवळ उभे आहोत तोवर ती येत नाही, आणि ती येत नाही म्हणून आपण तिथून हलत नाही. पिल्ले गुबगुबीत, उबदार आणि एकमेकांत गुरफटून झोपलेली असतील तर ती पोरकी नाहीत, आई काही तासांपूर्वीच पाजून गेलेली आहे, हे समजून लांब जावे. अंग गार पडलेले, पोट खपाटीला गेलेले आणि रडणे थांबत नसलेले पिल्लू दिसले तर मात्र वाट पाहू नये. माणसाचा हात लागला की मांजरी पिल्लू जवळ करत नाही, ही समजूत खरी नाही. म्हणून चार दिवस उलटले असले तरी पिल्ले एका उबदार खोक्यात घालून त्याच जिन्याखाली ठेवावीत आणि दुरून नजर ठेवावी, असे मी तुम्हाला सुचवले होते. आईच्या दुधात आणि तिच्या जिभेत जे आहे त्याची बरोबरी कोणत्याही बाटलीला करता येत नाही.

आई आलीच नाही तर काय करायचे, तेही सांगते. डोळे नुकते उघडलेले पिल्लू साधारण एक ते दोन आठवड्यांचे असते आणि या वयात त्याला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजणे ही या कामातली सर्वांत जीवघेणी चूक आहे, कारण अंग थंड असताना त्याची आतडी चालत नाहीत आणि पोटात गेलेले दूध तसेच राहते. आधी कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवून त्याला हळूहळू उबेला आणायचे, मगच पाजायचे. गायीच्या दुधाने पिल्लांना जुलाब होतात, म्हणून मांजरांच्या पिल्लांसाठीच बनवलेली दुधाची पावडर आणावी लागते. पाजताना पिल्लू आईला लुचते तसे पोटावर असले पाहिजे. माणसाच्या बाळासारखे उताणे धरले तर दूध श्वासनलिकेत जाते. पाजून झाल्यावर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने त्याच्या शेपटीखाली हलकेच चोळायचे, कारण आई चाटते तेव्हाच या वयाची पिल्ले शू आणि शी करतात, आपण होऊन नाही. हे सारे दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. आणि रोज एका ठरावीक वेळी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पिल्लाचे वजन करून वहीत लिहायचे. जन्मतः साधारण 100 ग्रॅम भरणाऱ्या पिल्लाचे वजन दिवसाला 10 ते 15 ग्रॅमने वाढायला हवे. एखाद्या दिवशी आकडा हलला नाही किंवा घसरला, तर पिल्लू वरून कितीही खेळकर दिसत असले तरी त्याच दिवशी पशुवैद्यांकडे जायचे.

निवाऱ्याने तुम्हाला परत पाठवले यात आणखीही एक विचार होता, जो घाईच्या वेळी कोणी तुम्हाला समजावून सांगितला नसावा. ज्या इमारतीत रोज बाहेरून नवे, बिनालसीचे, आजारी प्राणी येतात, ती दोन आठवड्यांच्या पिल्लासाठी फार वाईट जागा असते. शिवाय पिल्ले उचलली तरी त्यांची आई तिथेच राहते. मांजरीचा गर्भकाळ जेमतेम नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते, म्हणजे तीच मांजर वर्षभरात तुमच्या जिन्याखाली पुन्हा पुन्हा विणार. म्हणून पिल्ले सुटी झाली की त्या मांजरीला पकडून तिची नसबंदी करवून घेणे हे तुम्ही तिच्यासाठी, आणि निवाऱ्यासाठीही, करू शकाल असे सर्वांत मोठे काम आहे. त्यासाठी निवाऱ्याकडून सापळ्याचा पिंजरा मागून घ्या. या मागणीला ते 'अजून नाही' म्हणतील असे मला वाटत नाही.

आता वाडग्यांकडे येते. तुमच्या पत्रात जी शंका आहे ती मलाही एके काळी आली होती. कुत्र्यांना हवे असते प्रेम आणि हे लोक माझ्या हातात घासणी देतात, असे मलाही वाटले होते. पहिल्याच महिन्यात एका सकाळी मी नव्याने आलेल्या प्राण्यांच्या, म्हणजे विलगीकरणाच्या खोलीतले वाडगे उचलले आणि अंगावरचा एप्रन तसाच ठेवून पिल्लांच्या खोलीत गेले, दोन मिनिटे, नुसती बघायला. पुढच्या आठवड्यात त्या खोलीत पार्व्हो, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य रोग, शिरला. तो माझ्याच एप्रनवरून गेला असे कोणी म्हणाले नाही आणि ते सिद्धही करता आले नसते. पण त्या खोलीतले रिकामे झालेले पिंजरे धुण्याची पाळी माझी होती, आणि त्यानंतर घासणीबद्दल मी कधी कुरकुर केली नाही.

पार्व्होचा विषाणू फरशीवर, चपलेच्या तळव्यावर, टॉवेलाच्या धाग्यात महिनोन् महिने टिकून राहतो आणि हातावर चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने तो मरत नाही. लागण झालेला कुत्रा आजारी दिसू लागण्यापूर्वीच त्याच्या विष्ठेतून विषाणू बाहेर पडू लागतो. त्यामुळे निवाऱ्यातली स्वच्छता ही दिसण्यापुरती नसते, तिला क्रम असतो. आधी निरोगी पिल्ले, मग निरोगी मोठे प्राणी, नंतर विलगीकरणातले आणि शेवटी आजारी. उलट दिशेने कधीही जायचे नाही. आधी घाण काढून साबणाने धुवायचे, मग जंतुनाशक लावायचे, कारण घाणीवर ओतलेले ब्लीच घाणीशीच झुंजण्यात संपून जाते. आणि जंतुनाशक लावल्यावर बाटलीवर लिहिलेली मिनिटे थांबायचे. ब्लीचला साधारण 10 मिनिटे द्यावी लागतात, आणि नेमकी हीच 10 मिनिटे घाईत असलेला स्वयंसेवक खाऊन टाकतो. मांजरांच्या खोलीत फिनाईल नेऊ नये हेही लक्षात असू द्या. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही, आणि पंजांना लागलेले चाटूनच ते तिच्या पोटात जाते.

वाडगा धुणाऱ्या माणसाला आणखी एक गोष्ट कळते, जी प्रमुखांनाही कळत नाही. कोणाचा वाडगा रिकामा आला आणि कोणाचा भरलेला, हे सर्वांत आधी तुमच्या हाताला समजते. मांजराने दोन-तीन दिवस तोंड लावले नाही तर चरबी साचून तिचे यकृत निकामी होऊ लागते, विशेषतः ती लठ्ठ असेल तर. पाण्याचे भांडे एरवीपेक्षा लवकर रिकामे होऊ लागले तर तीही खूण आहे. कडेला सांडलेले दाणे, अर्धवट चावून टाकलेले तुकडे पाहून दाताचे दुखणे ओळखणारी माणसे मी पाहिली आहेत. हे जे दिसेल ते पिंजऱ्याच्या क्रमांकासह कागदावर लिहून निघताना प्रमुखांच्या हातात द्या. तीन आठवड्यांत तुम्ही हे एकदाही केलेले नाही असे तुमच्या पत्रावरून दिसते, आणि थोडे कठोर वाटेल पण सांगते, 'अजून नाही' या उत्तराचे एक कारण कदाचित तेही असेल. नवखा माणूस प्राण्यावर प्रेम करतो की नाही हे कोणी पाहत नाही, ते तर सगळेच करतात. तो ठरल्या दिवशी ठरल्या वेळी येतो का आणि त्याच्या डोळ्यांना काय दिसते, हे पाहिले जाते.

काळ्या कुत्र्यापाशी बसण्याची परवानगी तुम्हाला मिळेल, तेव्हा त्याचा लाड करायला म्हणून जाऊ नका. भिंतीकडे तोंड करून बसणारा कुत्रा रुसलेला नसतो, घाबरलेला असतो. जे दिसत नाही ते आपल्यालाही पाहत नाही, अशी त्याची तोकडी आशा असते. मी असाच एक कुत्रा सांभाळला होता. त्याच्या पिंजऱ्याबाहेर जमिनीवर त्याच्याकडे कूस करून मी बसत असे, हात मांडीवर ठेवून, नजर दुसरीकडे लावून, पंधरा मिनिटे. उठताना जमिनीवर एक तुकडा ठेवून निघून येत असे. पहिल्या पाच वेळा काहीच घडले नाही. सहाव्या वेळी त्याचे पाठमोरे डोके जागचे हलले नाही, पण डावा कान माझ्या दिशेने वळला. आठव्या वेळी त्याने सुस्कारा सोडला आणि त्याची पाठ खाली आली. तोवर तो इतके दिवस श्वास रोखून बसल्यासारखा होता हे माझ्या लक्षातच आले नव्हते. हात लावायला मिळाला तो त्यानंतर कितीतरी दिवसांनी.

हात लावताना डोक्यावर वरून नेऊ नये. छातीशी किंवा खांद्यापाशी तीन-चार सेकंद कुरवाळून थांबावे आणि तो काय करतो ते पाहावे. तो पुढे सरकला तर पुन्हा कुरवाळावे, जागच्या जागी ताठ राहिला तर ते नकार समजावे. झोप आलेली नसताना जांभई, खायला काही नसताना ओठ चाटणे, डोके न वळवता डोळ्याच्या कडेने पाहणे आणि त्यात दिसणारी पांढरी कोर, ही सारी 'मला सोडा' अशी विनवणी असते. हलणारी शेपटी पाहून फसू नका. ती फक्त तो उत्तेजित आहे एवढेच सांगते, उत्तेजना आनंदाची की धसक्याची हे उरलेल्या अंगावरून वाचावे लागते. गुरगुरला तर त्याला रागावू नका. गुरगुरणे बंद करायला शिकलेला कुत्रा सूचना न देता चावतो.

मांजरांची तऱ्हा वेगळी, आणि सोपी. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधल्या एका निवाऱ्यातील अभ्यासात नव्याने आलेल्या काही मांजरांना लपायला खोके दिले आणि काहींना दिले नाही, तेव्हा खोके मिळालेली मांजरे अधिक लवकर स्थिरावली. पुठ्ठ्याचे खोके तुम्ही उद्यासुद्धा घेऊन जाऊ शकता. फक्त त्यात आपल्या घरच्या मांजरांचे जुने पांघरूण घालू नका.

निवाऱ्याविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा, की ते प्राण्यांचे घर आहे. ते घर नाही, फलाट आहे. तिथला प्रत्येक जादा दिवस प्राण्याला आतून कुरतडतो, आणि एक पिंजरा रिकामा होतो तेव्हाच दाराबाहेरच्या एका जिवाला आत येता येते. म्हणून कोणतेही काम हाती घेताना, याने हा प्राणी इथून लवकर बाहेर पडेल का, हे मी पाहते. निरोगी पिल्लू निवाऱ्याबाहेर पडते, म्हणून घासणी महत्त्वाची. माणसाकडे मान वळवणारा कुत्रा बाहेर पडतो, म्हणून ती पंधरा मिनिटे महत्त्वाची. आणि त्याच्याविषयी खरे लिहिणारा कोणी असेल तर तो बाहेर पडतो आणि बाहेरच राहतो. 'फार गुणी कुत्रा आहे' या वाक्याने कोणाला काही कळत नाही. 'लोखंडी दार आपटले की दचकतो, झाडू पाहिला की मागे सरतो, हलक्या आवाजात बोलले तर जवळ येतो, लहान मुले असलेल्या घरी नको' असे लिहिले तर ज्याला तो झेपेल असे माणूस त्याला भेटते, आणि ज्याला झेपणार नाही तो आधीच मागे होतो. दत्तक दिलेला प्राणी महिनाभराने परत येतो तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा कोणीतरी प्रेमापोटी लपवलेली एखादी गोष्ट असते. फोटोही पिंजऱ्याच्या गजांमधून, वरून खाली कॅमेरा धरून काढू नका. बाहेर उजेडात, स्वतः जमिनीवर बसून, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर काढा. काळ्या रंगाच्या कुत्र्याच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे, कारण कमी उजेडात त्याच्या फोटोत दोन ठिपके आणि एक सावली एवढेच उरते.

यजमानांच्या बाजूने मी बोलले तर तुम्हाला आवडणार नाही, तरी बोलते. 'आता पुरे' हे त्यांचे म्हणणे बरोबर आहे. मर्यादेपलीकडे प्राणी गोळा केलेली घरे मी आतून पाहिली आहेत आणि त्यातल्या एकाही घराची सुरुवात क्रूरपणाने झालेली नव्हती. प्रत्येक वेळी सुरुवात 'हा एकच शेवटचा' अशी होती. ज्या दिवशी एखाद्या मांजराने कालपासून खाल्लेले नाही हे तुमच्या लक्षात येणार नाही, त्या दिवशी तुमची संख्या ओलांडली गेली असे समजा. त्याऐवजी फॉस्टर, म्हणजे तात्पुरते पालकत्व पत्करा. प्राणी निवाऱ्याच्या नावावर राहतो, औषधोपचारांचा निर्णय त्यांचा असतो, आणि तुम्ही एका वेळी एकच प्राणी किंवा एकच वीण, ठरलेल्या तारखेपर्यंत सांभाळता. ती तारीख यजमानांसमोर बोलून घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. नव्या प्राण्याला किमान दोन आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळी भांडी आणि वेगळे घमेले देऊन ठेवायचे. तुमच्या घरच्या तिघांचे लसीकरण झालेले असले पाहिजे, आणि निवाऱ्यातून आल्यावर कपडे बदलून, चपला बाहेर काढूनच त्यांना जवळ घ्यायचे. आई आली नसेल आणि तिन्ही पिल्लांचे फॉस्टर म्हणून नाव नोंदवता आले तर तुमच्या घरातला वादही मिटेल आणि पिल्लांना लसी व पुढची घरे मिळण्याची सोयही होईल. दोन ते सात आठवड्यांचे वय मांजराच्या पिल्लाला माणसाची सवय लागण्याचे असते. त्या काळात ते तुमच्या मांडीवर वाढले, तर त्याला घर मिळणे निम्मे सोपे होते.

एका बाबतीत मात्र मी मोकळीक देत नाही. निवाऱ्यात काम करणाऱ्या प्रत्येकाने रेबीजची लस आगाऊ घेतलेली असावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 पासूनच्या मार्गदर्शनानुसार तिच्या दोन मात्रा सात दिवसांच्या अंतराने पुरतात. तुम्ही ती घेतल्याचे पत्रात लिहिलेले नाही. चावा किंवा ओरखडा बसला तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण 15 मिनिटे जखम धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचे, आगाऊ लस घेतलेली असली तरीही, कारण त्यानंतरच्या मात्रा लागतातच, फक्त कमी लागतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस वाचत नाही, असेच धरून चालावे लागते. 'कुत्र्याला शिक्षा होईल' म्हणून चावा लपवणारे हळवे स्वयंसेवक असतात. तुम्ही त्यांच्यातल्या वाटता, म्हणून हे लिहिते आहे.

राहिला तुमचा मूळ प्रश्न, त्यांना मदत खरोखर हवी आहे का. हवी आहे, पण चार दिवस येऊन नाहीशी होणारी नको. दर महिन्याला पाच-सहा उत्साही माणसे येतात, प्रत्येकाला शिकवण्यात कर्मचाऱ्यांची दुपार जाते आणि त्यातली बहुतेक पहिला आजारी किंवा मेलेला प्राणी पाहिल्यावर दिसेनाशी होतात. तुमच्याही वाट्याला तो दिवस येईल. कदाचित ज्या प्राण्याला वाचवता येणार नाही त्याला इंजेक्शन देऊन शांत करताना त्याचे डोके धरण्याचे काम तुमच्याकडे येईल, आणि त्या संध्याकाळी तुम्हाला वाटेल की आपल्याला हे जमणार नाही. तसे वाटले तर प्रमुखांना सांगून एक आठवडा सुट्टी घ्या, न सांगता येणे बंद करू नका. दोन दिवस झेपत नसतील तर एकच दिवस जा, पण तो दिवस वर्षभर चुकवू नका.

या वेळी जाताना पुठ्ठ्याची दोन खोकी, लस घेतल्याचा कागद आणि पिल्लांची वजने लिहिलेली वही बरोबर न्या. वही प्रमुखांपुढे उघडून ठेवा, सापळ्याचा पिंजरा मागा, आणि काळ्या कुत्र्याविषयी त्या दिवशी काही विचारू नका. त्याच्या वाडग्यात किती उरले होते, तेवढे कागदावर लिहून द्या.